सुभेदार काका, हे जाहीर पत्र तुम्हाला

ती. सुभेदार काकांना,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘ते राहू दे, टायरमध्ये हवा आहे ना?’ म्हणून विषय बदलता. म्हणून चारचौघांत लिहितोय.

व्हीलचेअर घरी आली तेव्हा ती ढकलायची कशी, हे सगळ्यांनी सांगितलं. ती उलटते कुठे, हे फक्त तुम्ही दाखवलंत. मागे दोन माणसं उभी केलीत, खुर्ची हळूहळू मागे कलवलीत आणि पुढची चाकं अधांतरी झाल्यावर म्हणालात, “ही जागा अंगाला ओळखू दे.” तुम्ही स्वतः खुर्चीवर, म्हणून विश्वास बसला. नाहीतर त्या दिवशी तुम्हाला शिव्याच घातल्या असत्या!

पाठीला लटकवलेली पिशवी तुम्हीच काढायला लावलीत. मागे वजन आलं की चढावर पुढची चाकं उचलली जातात. आता डबा आणि हिशोबाची वही सीटखाली असते.

सगळ्यात जास्त कामाला येते ती पुढच्या छोट्या चाकांची युक्ती. दुकानात गिऱ्हाइकाच्या हातून सुट्टे पैसे सांडतात. मी नाण्याजवळ जातो आणि खुर्ची वीतभर मागे घेतो. छोटी चाकं गर्रकन फिरून पुढच्या बाजूला येतात, खुर्चीचा पाया लांबतो. मग ब्रेक लावायचा, एका हाताने खुर्ची धरायची आणि दुसरा हात बाजूने खाली न्यायचा. दोन गुडघ्यांच्या मधून वाकायचं नाही. ‘ब्रेक चाक थांबवतो, तोल नाही,’ हे तुमचं पालुपद आता माझी पोरंही म्हणतात.

रॅम्पचं भांडण तर वाडीत गाजलं. आमचं जोतं दीड फूट. गवंडी सहा फुटांत उरकायला निघाला होता. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, म्हणजे अठरा फूट, हा हिशोब तुम्ही त्याला फोनवरच ऐकवलात. तो म्हणाला, “अंगणच संपंल की!” मग मध्ये सपाट जागा सोडून रॅम्प वळवला. चढताना छाती पुढे, हात आखूड आणि भराभर. उतरताना पाठ मागे टेकून मोठ्या चाकाची हाताने फिरवायची रिंग तळहातांतून सरकू द्यायची. बाजारपेठेतला तो खडा उतार मात्र मी अजून उलटाच उतरतो, कुणालातरी मागे उभं करून. लोक हसतात, हसू देत.

आणि हो, मुरलीकांत पेटकरांचं १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमधलं पोहण्याचं सुवर्णपदक तुम्ही इतक्यांदा सांगितलंत की धाकट्याने पोहण्याचा क्लास लावलाय. त्याची फी तुमच्याकडून घ्यायला हवी.

दिवाळीला याच. रॅम्पच्या दोन्ही कडांना तुम्ही सांगितलेला चार बोटांचा कठडा झालाय आणि वरचा कोबा खरबरीत ठेवलाय. तरी तुम्ही काहीतरी खोड काढालच, गवंड्याला बोलावून ठेवतो.

तुमचा,
किराणा दुकानवाला