रॉबीचं नाव शेवटपर्यंत साफ झालंच नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेले काही रविवार तुमच्या पुरवणीत इयान मॅकयुअनच्या 'अटोनमेंट' या कादंबरीवर वाचकांची जी पत्रं येतायत ती मी सगळी वाचलीयेत आणि आता राहवत नाही म्हणून लिहितेय. एक गट म्हणतो शेवटच्या वीसेक पानांत लेखकानं वाचकाची शुद्ध फसवणूक केली, एवढं जीव लावून वाचलं आणि शेवटी म्हणे यातलं काही झालंच नव्हतं. दुसरा गट म्हणतो ब्रायनीनं, म्हणजे कादंबरीतल्या लेखिकेनं, आयुष्यभर लिहून लिहून पापाचं परिमार्जन केलं, केवढी थोर लेखिका. आणि एका गृहस्थांनी तर पुस्तकच चोरीचं आहे म्हणून टाकलं. मला या तिघांशीही भांडायचंय, कारण तिघंही फक्त लेखिकेबद्दल आणि लेखकाबद्दल बोलतायत, ज्याचं आयुष्य वाया गेलं त्या रॉबीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

ज्यांनी कादंबरी वाचली नाहीये त्यांनी पुढचं वाचू नका, कारण शेवट सांगितल्याशिवाय मला बोलताच येणार नाही.

१९३५ चा उन्हाळा, इंग्लंडमधल्या सरे भागातलं टॅलिस कुटुंबाचं मोठं घर. ब्रायनी तेरा वर्षांची, गोष्टी-नाटकं लिहायचं वेड. मोठी बहीण सिसीलिया आणि घरी काम करणाऱ्या बाईंचा मुलगा रॉबी टर्नर यांच्यात घरापुढच्या कारंज्याजवळ काहीतरी चाललंय हे ती खिडकीतून बघते, रॉबीनं तिच्याच हाती दिलेली चिठ्ठी (ती पण चुकून भलतीच, कधीच पाठवायची नव्हती ती) फोडून वाचते, आणि त्याच रात्री अंधारात मावसबहीण लोलावर अत्याचार होतो तेव्हा ठामपणे सांगते की तो रॉबीच होता, मी बघितलं. झालं. पोलीस, सगळं घर, सगळे तिच्यावर विश्वास ठेवतात. रॉबी केंब्रिजमधून पहिल्या वर्गात पास झालेला, पुढे डॉक्टर व्हायच्या विचारात, त्याचा शिक्षणाचा खर्च सिसीलियाच्या वडिलांनी केलेला, पण वेळ आली तेव्हा तो कामवाल्या बाईचाच मुलगा ठरला. त्याला गाडीत घालून नेतात तेव्हा त्याची आई ग्रेस छत्री घेऊन पोलिसांच्या गाडीवर हाणत सुटते आणि खोटारडे, खोटारडे म्हणून ओरडते. अख्ख्या घरात त्या रात्री खरं बोललेली माणसं दोनच, ग्रेस आणि सिसीलिया, आणि दोघींचं कुणी ऐकलं नाही. आपल्याकडे असं घडलेलं मला सांगायला नको, ज्याच्या त्याच्या गावात एखादं तरी उदाहरण असतं.

पुढे रॉबी तुरुंगात, तिथून सुटका कशी तर सैन्यात भरती होऊन, आणि १९४० साली फ्रान्समध्ये डंकर्क बंदराकडे माघार घेणाऱ्या सैन्यात जखमी अवस्थेत चालत असलेला तो आपल्याला भेटतो. ब्रायनी तोपर्यंत लंडनच्या हॉस्पिटलात शिकाऊ नर्स झालेली. तिसऱ्या भागात ती बहिणीच्या खोलीवर जाते, तिथे रॉबी असतो, सगळं खरं लिहून द्यायचं कबूल करते. वाचणारा जरा श्वास सोडतो. आणि मग १९९९ साल, ब्रायनी सत्त्याहत्तर वर्षांची, नावाजलेली कादंबरीकार, मेंदूच्या आजारानं स्मृती जायला लागलेली, ती सांगते की ती भेट झालीच नाही. रॉबी १ जून १९४० ला ब्रे ड्यून्सच्या किनाऱ्यावर जखम सडून, विष अंगात भिनून गेला, सिसीलिया त्याच वर्षी बॅलहम स्टेशनवर पडलेल्या बॉम्बमध्ये गेली, आणि ब्रायनी म्हणते, मी मात्र घाबरून अर्ध्या रस्त्यातून हॉस्पिटलात परत फिरले होते.

आता पहिल्या गटाला सांगते. फसवणूक झाली म्हणता पण लेखकानं खुणा लपवलेल्या नाहीत हो. तिसऱ्या भागात ब्रायनीला 'होरायझन' मासिकाच्या संपादकाचं पत्र येतं (सिरिल कॉनली, हा माणूस आणि हे मासिक दोन्ही खरे होते), तिची त्या कारंज्याजवळच्या प्रसंगाची गोष्ट (तिथे रॉबी-सिसीलियाच्या ओढाताणीत फुलदाणी फुटते) नाकारताना तो म्हणतो चिनी मिंग फुलदाणी जरा जास्तच मौल्यवान होते, आणि कारंज्याचं मूळ रोममधल्या ज्या चौकात आहे त्याचं नाव चुकलंय. आणि आपण पहिल्या भागात जे वाचून आलो त्यात फुलदाणी जर्मनीतल्या मायसेनची असते आणि चौकाचं नावही बरोबर असतं! म्हणजे आपल्या हातात आहे तो दुरुस्त केलेला खर्डा आहे हे तिथेच कळतं. शिवाय तिसरा भाग संपतो तिथे खाली ब्रायनीची आद्याक्षरं, लंडन, १९९९ असं छापलंय, आपण पान उलटायच्या घाईत बघत नाही एवढंच. एखाद्याला तरीही राग येईल, येऊ दे, तो राग मला समजतो, दोन जीव वाचले असं वाटत असताना ते गेलेत हे कळणं सोपं नाही. पण त्याला लबाडी म्हणू नका.

मी आयुष्यभर सर्जिकल वॉर्डात नर्स म्हणून काम केलंय त्यामुळे माझं मत बनलं ते हॉस्पिटलच्या प्रकरणामुळे, आणि कमाल म्हणजे एकाही पत्रात त्या प्रकरणाचा उल्लेख नाही. डंकर्कहून जखमींच्या गाड्यांवर गाड्या येतात, बेड पुरत नाहीत, शिकाऊ पोरींना काल बेडपॅन धुवायला लावलं होतं त्यांच्या हातात आज ड्रेसिंगचा ट्रे. सिस्टर ड्रमंड ब्रायनीला फ्रेंच येतं म्हणून एका फ्रेंच पोराजवळ बसायला सांगते. ल्यूक कॉर्ने त्याचं नाव, घरची बेकरी, डोक्याला जखम. तो तिला ओळखीची समजतो, लग्न ठरलेली मुलगी समजतो, बेकरीबद्दल आईबद्दल बोलत राहतो. बँडेज घट्ट होतंय म्हणतो म्हणून ती सैल करायला जाते आणि आतलं दिसतं तेव्हा तिला कळतं हा जगणार नाही. मग तो विचारतो तुझं माझ्यावर प्रेम आहे ना, आणि ती हो म्हणते. आणि मला टॅलिस नको म्हणू, ब्रायनी म्हण, असं सांगते, जे नियमानं चालत नाही, नर्सनं पेशंटला पहिलं नाव सांगायचं नसतं.

हे पान मी परत परत वाचलंय. डोक्याला मार लागलेले पेशंट आम्हाला आई म्हणायचे, ताई म्हणायचे, कुणाच्या तरी नावानं हाक मारायचे आणि आम्ही ओ द्यायचो, प्रत्येक नर्स देते, त्यात पाप नाही. कारण ते खोटं त्याच्यासाठी असतं, त्याचा हात आपल्या हातात असतो आणि त्याला त्या क्षणी बरं वाटतं. ब्रायनीच्या अख्ख्या आयुष्यात तिनं बोललेलं हे एकच खोटं मला मान्य आहे.

आणि म्हणून दुसऱ्या गटाचं मला पटत नाही. ते म्हणतात रॉबी-सिसीलियाला तिनं पुस्तकात जिवंत ठेवलं, एकत्र आणलं, ही केवढी माया. अहो पण ती दोघं वाळूत आणि ढिगाऱ्याखाली गेली होती, त्यांना कोण वाचून दाखवणार होतं? ल्यूकनं ते हो ऐकलं, रॉबीनं काहीच ऐकलं नाही. त्या गोड शेवटानं बरं वाटलं ते ब्रायनीला आणि आपल्याला. आणि हे ब्रायनी स्वतः ओळखून आहे, ती शेवटी विचारतेच की ज्या लेखकाच्या हातात सगळ्यांचं भवितव्य असतं, जो त्या जगाचा देवच असतो, त्याला प्रायश्चित्त घेता येईल कसं, त्याला क्षमा करणारं वर कुणीच नाही. हे लिहिणाऱ्या माणसाला मी थोर लेखक मानते. पण मॅकयुअन थोर म्हणून ब्रायनी सुटत नाही, आपली पत्रलेखक मंडळी या दोघांत गल्लत करतायत असं मला वाटतं.

बरं, अजून एक. लोलावर खरा अत्याचार करणारा होता पॉल मार्शल, घरी आलेला पाहुणा, चॉकलेटचा कारखानदार, युद्धात सैन्याला चॉकलेट विकून गब्बर झालेला. पुढे लोला त्याच्याशीच लग्न करते, तो लॉर्ड होतो, दानधर्म करतो, समाजात मान. ब्रायनीनं १९४० च्या जानेवारीपासून १९९९ च्या मार्चपर्यंत हे पुस्तक पुन्हा पुन्हा लिहिलं, पण ते छापता येत नाही, कारण मार्शल नवरा-बायको जिवंत आहेत तोवर बदनामीचा दावा लागेल आणि प्रकाशक हात लावणार नाही. म्हणजे बघा, १९९९ साली कादंबरी संपते तेव्हासुद्धा कागदोपत्री रॉबी टर्नर बलात्कारीच आहे. त्याचं नाव साफ झालेलंच नाही. ज्यांनी पैसा केला ते वकिलांच्या जोरावर निर्धास्त, आणि छत्री आपटणाऱ्या आईचं पुढे काय झालं याची कुणाला फिकीर नाही. प्रायश्चित्त झालं की नाही हा वाद घालायचा तर तो इथे घाला ना.

चोरीचा आरोप करणाऱ्या गृहस्थांना उत्तर थोडक्यात. लुसिला अँड्र्यूज नावाच्या बाई युद्धकाळात लंडनच्या सेंट थॉमसमध्ये नर्स होत्या, त्यांनी १९७७ मध्ये आठवणींचं पुस्तक लिहिलं, त्यातले तपशील कादंबरीत आहेत हे खरं आहे आणि २००६ मध्ये त्यावर ब्रिटनच्या पेपरात गदारोळ झाला हेही खरं. पण मॅकयुअननं पुस्तकाच्या शेवटी त्यांचे आभार मानलेले आहेत, आणि तेव्हा थॉमस पिंचनसारखा कधी समोर न येणारा लेखकसुद्धा त्याच्या बाजूनं लिहिता झाला. त्या तपशिलांतलं गजकर्णावर जेन्शन व्हायोलेट हे जांभळं औषध लावायचं हे काही कुणा एकीच्या मालकीचं नाही, आम्हीही लावलंय. तरी मला एवढं वाटतं की काही वाक्यं फारच जवळची आहेत, आणि जिनं स्वतःच्या हातानं ते वॉर्ड धुतले तिचं नाव आभाराच्या एका ओळीपेक्षा मोठं घेतलं असतं तर बरं झालं असतं. कादंबरीवरचा सिनेमा गाजत होता तेव्हा त्या हयातही नव्हत्या.

सिनेमावरून आठवलं, २००७ चा जो रायटचा सिनेमा बघून बऱ्याच जणांनी पत्रं लिहिलीयेत हे मला वाचताना कळत होतं. त्यात म्हातारी ब्रायनी टीव्हीवर मुलाखत देते, तिचं पुस्तक बाहेर येतंय, ती जगासमोर कबुली देते. बघायला छान आहे, डोळ्यांत पाणी येतं. पण कादंबरीत अशी मुलाखत नाही, अशी कबुली नाही, खर्डा कपाटातच आहे, आणि सगळा फरक तिथे पडतो. तेव्हा सिनेमावरून मत बनवलेल्यांनी पुस्तकाची ती शेवटची पानं तरी वाचावीत अशी कळकळीची विनंती आहे, आणि पुढच्या रविवारी ज्यांना लिहायचंय त्यांनी पॉल आणि लोला मार्शलबद्दल लिहावं, कारण इतक्या पत्रांत त्या दोघांचं नाव एकदाही आलेलं नाही.

कळावे,
आपली,
एक निवृत्त परिचारिका, मिरज