सिंकखालच्या मशीनवाल्या दादांना, मनापासून थँक्यू

दादा, त्या दिवशी घाईत नीट थँक्यूपण म्हणता आलं नाही, म्हणून हे लिहितेय.

मशीन घ्यायचं कारण आमच्या सासूबाई. पावसात मागच्या जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ, आणि आई हातात खरकट्याची बादली घेऊन परसात निघालेल्या, दोनदा घसरल्या, मग पुण्याच्या दीरांनी हे उष्टं-खरकटं बारीक करणारं मशीन पाठवलं. पहिला फिटर आला आणि अर्ध्या तासात लावून पैसे घेऊन गेला. चार दिवसांत किचनमध्ये असा वास की उभं राहवेना, फोन केला तर म्हणे लिंबाची सालं टाका!

तुम्ही आलात ते आधी बॅटरी घेऊन सिंकखाली आडवेच झालात. मशीनचं तोंड खाली आणि भिंतीतला पाईप त्याच्याहून वर, म्हणजे पाणी चढणार कसं, ते आतच साचून कुजत होतं. दोन फरशा फोडून पाईप चार इंच खाली घेतलात, सिंकच्या भोकाची रिंग काढून परत नवीन पुट्टी लावून बसवलीत, अर्थिंग नव्हतं ते ओढलंत. आणि मग पाणी सोडून प्रत्येक जॉइंटखाली वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा ठेवून चहा संपेपर्यंत बघत बसलात. एका तुकड्यावर वाटाण्याएवढा डाग पडला तर तो जॉइंट परत उघडलात. मी असते तर फडकं बांधून मोकळी झाले असते खरंतर.

पण थँक्यू खरं त्या एका प्रश्नासाठी. "वैनी, पानी खंय जाता?" पाणी कुठे जातं, हे पहिल्या फिटरने विचारलंच नव्हतं. आमचं मोरीचं पाणी सरळ शोषखड्ड्यात जायचं, जो पावसाळ्यात आधीच पाणी घेत नाही, त्यात हा रोजचा लगदा गेला असता तर खड्डा तुंबलाच असता. तुम्ही लाईन सेप्टिक टँकला फिरवलीत, टाकी आता लवकर उपसावी लागेल हेही तोंडावर सांगितलंत. वर म्हणालात शेंगांची सालं, केळीची सालं, नारळाची शेंडी, तेल यातलं काही मशीनमध्ये नको, माशाचं खवलं-डोकं माडाच्या आळ्यात पुरा, माडाला बरं. म्हणजे मशीन लावायला आलात आणि त्याचं अर्धं काम काढूनच घेतलंत! दीर ऐकून जरा नाराज झाले, पण आई खूश.

आणि तो रविवार. तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, त्यातलं एक शिंपलं आत गेलं, मशीन नुसतं घूं करून बंद. तुम्ही फोनवरच सगळं सांगितलंत, आधी स्विच बंद, हात आत घालायचा नाही, तळाच्या मधल्या भोकात ॲलन की, म्हणजे ती वाकडी षटकोनी चावी, घालून दोन्हीकडे फिरवा, शिंपलं चिमट्याने काढा, मग मशीनचं रीसेटचं लाल बटण दाबा आणि गार पाणी सोडून चालू करा. झालं चालू! फोनचे पैसे काय घेणार म्हणून हसलात.

ॲलन की सुतळीने पाईपलाच बांधून ठेवलीये. काल आईंनी स्वतः फिरवून बघितली, उगाचच.