लेक जेवत नाही म्हणून जीव टांगणीला लागलेल्या मैत्रिणीला

प्रिय बायो,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. दीड वर्षाचा लेक जेवत नाही, नवीन खेळणं पाच मिनिटांत टाकून देतो, शेजारच्या मुलीला रंग ओळखता येतात आणि याला एकही नाही, सगळं एका दमात लिहिलंयस. याचं उत्तर मेसेजमध्ये मावणार नाही म्हणून पत्रच लिहायला घेतलं. तो झोपला की निवांत वाच.

आधी जेवणाचं, कारण तुझा जीव तिथेच जास्त अडकलाय. बघ, पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या साधारण तिप्पट होतं, म्हणजे 3 किलोचं बाळ वर्षाचं होईस्तोवर 9 किलोच्या आसपास जातं, आणि मग दुसऱ्या अख्ख्या वर्षात वाढतं जेमतेम दोन-अडीच किलो. वाढच मंदावली तर भूक कमी होणारच ना गं! दीड वर्षाचं मूल अचानक जेवेनासं झालं असं जे वाटतं ते नेमकं याच काळात, आणि मग वाटी घेऊन मागे मागे फिरणं, मोबाईल लावून तोंडात घास सरकवणं सुरू होतं. मोबाईलसमोर चार घास जास्त जातात, मान्य, पण आपलं पोट भरलंय हे त्याच्या लक्षातच येत नाही, आणि या वयात त्याला तेच तर ओळखायला शिकायचंय. म्हणून मोबाईल जेवणाच्या वेळेला तरी आजपासून बंद कर, दोन-चार दिवस रडेल, रडू दे, तू जवळ बस.

एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी एक वाटणी सांगितलीये ती मला फार पटते. काय वाढायचं, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं आणि खायचं की नाही हे मुलाने. बस्स. म्हणजे तू तीन जेवणं आणि मधली दोन छोटी खाणी ठराविक वेळेला दे, मधल्या वेळात पाणी सोडून काही नाही, सारखी बिस्किटं आणि दूध चालू राहिलं तर जेवणाच्या वेळेला भूक येणार कुठून? दुधाचं तर मुद्दाम विचारते, दिवसाला किती पितो तो? अर्ध्या लिटरच्या वर जात असेल तर कमी कर. दुधाने पोट भरतं पण दुधात लोह जवळजवळ नसतं, आणि लोह कमी पडलं की भूकही मरते आणि मूल किरकिरंही होतं, मेंदूच्या वाढीलाही ते लागतंच. त्यापेक्षा अंडं, डाळ, मांस, पालेभाजी यातलं जे तुमच्या घरात चालतं ते रोज थोडं थोडं दे आणि सोबत लिंबू किंवा टोमॅटो असं काहीतरी आंबट असू दे, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे भाज्यांतलं लोह अंगी लागतं. चहा अजिबात नको, तो लोह अंगी लागू देत नाही.

आणि एकदा थुंकलं म्हणजे आवडत नाही असं ठरवून टाकू नकोस हं. नवीन चव पटायला काही मुलांना दहा-पंधरा वेळासुद्धा लागतात, त्यात नुसतं हातात घेणं, चाटणं, परत ताटात टाकणं हेही मोजायचं. स्वतःच्या हाताने खाऊ दे, सांडेल, माखेल, पण चिमटीत दाणा पकडून तोंडापर्यंत नेणं यात बोटं, डोळे, हात सगळ्यांचा व्यायाम होतो आणि तो भरवण्यात कधीच होत नाही. फक्त अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, कडक गाजराचे तुकडे देऊ नकोस, घशात अडकतात. द्राक्षं उभी चिरून दे आणि खाताना तो बसलेलाच हवा, पळता पळता नाही.

आता खेळ. तो चमचा परत परत खाली टाकतो म्हणून तुला वैताग येतो ना, पण तो तुला त्रास देत नाहीये गं, टाकलं की पडतं का, आवाज होतो का, आई उचलते का, हे तो तपासतोय आणि दरवेळी तसंच होतं याचा त्याला खरंच आनंद होतो. खेळण्यांवर आणखी पैसे घालवू नकोस. झाकणं लागणारे डबे दे, बादलीत पाणी आणि दोन पेले दे (तू तिथेच बसून, पाण्याजवळ एकटं मुळीच सोडायचं नाही), रिकामं खोकं दे. कपड्यांच्या घड्या घालताना मोज्यांची जोडी शोधायला लाव, सारखं-वेगळं ओळखणं तिथेच सुरू होतं. रंगांची नावं दीड वर्षाला येत नाहीतच, बरीच मुलं तिसऱ्या-चौथ्या वर्षात सांगायला लागतात, शेजारच्या मुलीचं कौतुक कर आणि सोडून दे. बाकी मुलांशी खेळत नाही म्हणतेस तेही या वयाचंच आहे, मिल्ड्रेड पार्टन नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी जवळपास शंभर वर्षांपूर्वीच, 1932 मध्ये, मुलांच्या खेळाचे टप्पे लिहून ठेवलेत, त्यात शेजारी बसून आपापलं खेळणं हा एक टप्पाच आहे, मिळून खेळणं नंतर येतं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते उत्तर देणं. त्याने बोट दाखवलं की तू तिकडे बघ, नाव सांग, मग थांब, त्याला काहीतरी आवाज काढू दे, परत तू बोल. अंघोळ घालताना, भाजी निवडताना, जिना चढताना, वेगळा वेळ काढायची गरजच नाही. भाषा अशीच येते. व्हिडिओ बोलतो पण थांबत नाही, त्याने काय म्हटलं हे ऐकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच आणि नंतर पाच वर्षांपर्यंत दिवसाला तासाभराच्या वर नको, त्याऐवजी एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून तीन तास तरी हालचाल व्हायला हवी. आजारपणात, प्रवासात कधी दाखवलास तर लगेच अपराधी वाटून घेऊ नकोस, रोजची सवय नको इतकंच.

एक गोष्ट मात्र टाळू नकोस. 18 महिने झाले तरी आधाराशिवाय चालत नसेल, बोट दाखवत नसेल, नाव घेतल्यावर वळून बघत नसेल, किंवा आधी बोलत असलेले शब्द गायब झाले असतील तर "मुलगे उशिरा बोलतात" असं कोणीही म्हणालं तरी थांबायचं नाही, सरळ डॉक्टरांकडे. तुझ्या मेसेजवरून मला तसं काही वाटलं नाही, पण त्याला रोज बघतेस तू. आणि पुढच्या लसीला जाशील तेव्हा वजन-उंचीचा तक्ता काढून मागच्या काही महिन्यांची रेष दाखवायला सांग, एका दिवसाच्या ताटावरून काही कळत नाही. हिमोग्लोबिन तपासायचं का आणि लोहाचं औषध लागेल का तेही तिथेच विचारून घे, स्वतःच्या मनाने सुरू करू नकोस.

दुधाचं किती ते मोजून मला कळव, आणि तूही जेव वेळेवर, त्याच्यासोबतच, एकाच ताटाजवळ बसून.

तुझीच,
मी