बटणाचा हट्ट आणि पॅनेलची मर्जी

पुणे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचा जावा प्रोग्राम मिळाला. आकार ठरवणारे सेटसाइज लिहूनही बटण तसूभर हलत नाही, ही तुझी तक्रार वाचून हसू आले, कारण याच गोष्टीपायी मीही एकेकाळी दोन रात्री जागून काढल्या होत्या. स्विंगमध्ये, म्हणजे जावाच्या खिडक्या-बटणे बनवण्याच्या संचात, बटणाने आपली अपेक्षा, म्हणजे प्रिफर्ड साइज, तेवढी कळवायची असते. ती कितपत पाळायची हे ज्या पॅनेलमध्ये ते बसले आहे, त्याचा लेआउट मॅनेजर, म्हणजे मांडणी पाहणारा भाग, ठरवतो. एकापुढे एक मांडणारा फ्लोलेआउट ती पाळतो, ग्रिडलेआउट सर्वांना सारखेच कप्पे वाटून मोकळा होतो, आणि बॉर्डरलेआउट नॉर्थ-साउथला, म्हणजे वरच्या-खालच्या कडेला, उंची मानून रुंदी मात्र खिडकीभर ताणतो.

तीन बटणे जोडूनही एकच दिसते, या तुझ्या दुसऱ्या तक्रारीचे मूळही इथेच आहे. जेफ्रेमला, म्हणजे मुख्य खिडकीला, आधीपासून बॉर्डरलेआउट असतो; जागा न सांगता ॲड केलेले प्रत्येक बटण सेंटरला जाते आणि तिथे शेवटी आलेलेच उरते. तिन्ही बटणे आधी एका जेपॅनेलमध्ये घाल, कारण त्याला मुळातच फ्लोलेआउट असतो, आणि मग ते पॅनेल साउथला लाव.

त्यातही एक खोच आहे. फ्लोलेआउट सगळी बटणे एकाच ओळीत मावतील असे धरून उंची मागतो. त्यामुळे खिडकी अरुंद केली की शेवटचे बटण दुसऱ्या ओळीत उतरते खरे, पण त्या ओळीला जागाच नसल्याने ते गडप होते.

नाव-पत्त्याच्या फॉर्मसाठी लहानमोठे कप्पे ठेवू देणारा ग्रिडबॅगलेआउट घे, त्याची बदनामी झाली आहे तेवढा तो वाईट नाही. वेटएक्स आणि वेटवाय, म्हणजे उरलेल्या जागेतला आडवा आणि उभा वाटा, मुळात 0 असतात, म्हणून सारा फॉर्म मधोमध गोळा होतो. मजकुराच्या रकान्याला वेटएक्स 1 आणि फिल हॉरिझाँटल (कप्पा आडवा भर) दिलेस की तो खिडकीबरोबर रुंदावेल. हे दिले नाही आणि जागा थोडी जरी कमी पडली, तर तोच रकाना आक्रसून बोटभर उरतो.

सेटलेआउटला नल देऊन, म्हणजे लेआउट मॅनेजरच काढून, जागेचे आकडे हाताने मांडण्याचा तुझा बेत मात्र मला मान्य नाही. तुझ्या संगणकावर नीट बसलेले ‘जतन करा’ दुसऱ्याच्या संगणकावर फाँट बदलताच कापले जाईल. शेवटी फ्रेमला सेटसाइजऐवजी पॅक (आतल्यांच्या अपेक्षेनुसार खिडकीचा आकार ठरवणारे) लावून पाहा आणि काय दिसते ते कळव.

तुझा,
जुना बाकमित्र