अंतराळ कुपीच्या धक्काशोषक रचनेसाठी विदर्भातील मातीवर चाचण्या घ्याव्यात: अंतराळ विभागाच्या राज्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. राज्यमंत्री, अंतराळ विभाग,
भारत सरकार

महोदय,

२४ ऑगस्ट २०२५ रोजी श्रीहरिकोटाजवळ हेलिकॉप्टरमधून सोडलेली गगनयानाची सुमारे पाच टनांची नमुना कुपी पॅराशूटच्या आधाराने समुद्रात सुखरूप उतरली, याचा आम्हांला मनापासून अभिमान आहे. माझी विनंती मात्र जमिनीविषयी आहे. कक्षेतून तातडीने परतावे लागले, तर उतरण्याची जागा हातात राहीलच असे नाही. मार्च १९६५ मध्ये सोव्हिएत संघाच्या व्होस्खोद-२ यानाचे दोन अंतराळवीर ठरल्या जागेपासून शेकडो किलोमीटर दूर, बर्फाळ जंगलात उतरले होते.

मी सिंदेवाही परिसरात यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. २ एप्रिल २०२२ च्या रात्री याच तालुक्यातील लाडबोरी गावात रॉकेटचे धातूचे भलेमोठे कडे आकाशातून पडले, तेव्हापासून वरून येणारी वस्तू जमिनीवर कशी थांबते हा प्रश्न माझ्या वर्गात सतत निघतो. त्याचे गणित साधे, पण निर्दय आहे. सेकंदाला सात मीटर वेगाने येणारी कुपी दहा सेंटिमीटरमध्ये थांबली, तर आतल्या माणसावर गुरुत्वाच्या सरासरी पंचवीसपट भार येतो. तीस सेंटिमीटर मिळाले, तर तोच भार सुमारे आठपटीवर येतो. हे अंतर मिळवण्यासाठीच अमेरिकेच्या अपोलो यानातील आसनांखालच्या आधारदांड्यांत चुरडणारी अ‍ॅल्युमिनियमची जाळी होती आणि बोईंगचे स्टारलायनर यान हवेच्या पिशव्यांवर उतरते. रशियाच्या सोयुझ यानात जमीन मीटरभरापेक्षाही कमी अंतरावर असताना छोटी रॉकेटे पेटून वेग आधीच कमी करतात, आणि उरलेला धक्का प्रत्येक अंतराळवीराच्या शरीराच्या मापाने घडवलेले आसन झेलते.

थांबण्याच्या या अंतरात मातीचाही वाटा असतो, आणि तो ऋतूप्रमाणे बदलतो. आमची कन्हार, म्हणजे काळी चिकण जमीन, उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी टणक होते, तर पावसाळ्यात फुगून इतकी मऊ पडते की कुपीची कड तिच्यात रुतावी आणि वाऱ्याने आडव्या सरकणाऱ्या कुपीने तिथेच कलंडावे. हलक्या, मुरमाड बरड जमिनीचे वागणे याहून निराळे. पाण्यावरच्या चाचण्यांतून यातले काहीच कळणार नाही, आणि परदेशी मातीवरचे आकडे इथे जसेच्या तसे लागू पडतील असे मानणे मला धोक्याचे वाटते.

राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो नागपुरात आहे, विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थाही तिथेच आहे, आणि विद्यापीठांना संशोधनासाठी निधी देणारी इस्रोची 'रिस्पॉन्ड' योजना आधीपासून आहे. या तिघांना एकत्र आणून विदर्भात आघात-चाचणीचा, म्हणजे उंचावरून आसन जमिनीवर सोडून धक्का मोजण्याचा, एक मनोरा उभारावा आणि त्याच्या नोंदी तालुक्याच्या तंत्रनिकेतनांनाही अभ्यासासाठी खुल्या कराव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. एकच आसन, एकच उंची आणि एकच शेत ठेवून पहिली मालिका मे महिन्यात आणि दुसरी ऑगस्टमध्ये घ्यावी लागेल, त्यामुळे जागेची निवड येत्या हिवाळ्यातच व्हायला हवी.

आपला विश्वासू,
यंत्र अभियांत्रिकीचा एक अध्यापक,
सिंदेवाही, जि. चंद्रपूर