वहीतलं गाळलेलं पान

प्रिय सुधीर,

तुझं पुडकं मिळालं. आजोबांच्या वहीचा टाइप केलेला मजकूर मूळ वहीशी ताडत कालचा सगळा रविवार गेला. चुका किरकोळच आहेत, पेन्सिलीने दाखवल्यात. पण मार्चमधलं एक पान टाइप केलेल्यात नाही. आधी वाटलं, नजरचुकीने राहिलं असेल. मग वहीत त्याच जागी तुझी चिठ्ठी सापडली: 'हे नको. घरात उगाच चर्चा.'

पान मी तीनदा वाचलं. आजीची पुस्तकं रागाच्या भरात... तुला माहीतच आहे. पण एक गोष्ट बघितलीस का? आधी त्यांनी 'फेकली' लिहिलंय, मग ते खोडून वर 'जाळली' केलंय. वही कोणी बघणार नव्हतं, 'फेकली'वर सहज भागलं असतं. आणि तू आता ते पानच उडवतोयस!

सोव्हिएत महाज्ञानकोशाची गोष्ट तुला सांगितली होती का? १९५० च्या खंडात बेरियावर, म्हणजे स्टालिनच्या गुप्त पोलिसांच्या एकेकाळच्या प्रमुखावर, भला मोठा लेख होता. डिसेंबर १९५३ मध्ये त्याला गोळ्या घातल्या आणि पुढच्या वर्षी वर्गणीदारांना नवी पानं आली. सोबत सूचना: जुनी पानं कात्रीने किंवा ब्लेडने कापा, शिवणीजवळ पट्टी ठेवा, तिला ही चिकटवा. नव्या पानांवर काय, तर बेरिंगचा समुद्र! आता कापलेला लेख म्हणजे स्तुतिपाठच, खरा थोडाच होता. तरी तो राहायला हवा होता. काल त्याला कोण डोक्यावर घेऊन नाचत होतं, हे त्या स्तुतीतच तर दिसतं.

शिवाय पुसून पुसलं जातं थोडंच. रोमन सम्राट काराकाल्लाने भाऊ गेटाला मारलं आणि जिथेतिथे त्याचं नाव, चेहरा खरवडायला लावला. बर्लिनमध्ये त्या कुटुंबाचं एक गोल चित्र आहे. आईबाप, एक मुलगा आणि शेजारी चेहऱ्याच्या जागी डाग. चित्र बघताना डोळा आधी त्या डागावरच जातो.

घरातल्यांचं म्हणशील, तर आजीच्या बाजूने बोलणारं त्या वहीत हे एवढंच पान आहे. बाकी सगळीकडे ती फक्त 'सौ.' आहे.

ते पान मीच टाइप करून सोबत पाठवतोय, खोडलेल्या 'फेकली'सकट. खाली टीप हवी तर तू लिही. मात्र आत्याला एकदा विचार, पुस्तकं कुठली होती. तिला आठवत असेल.

तुझा,
विनय