बाबा, मी औषध शोधत नाहीये

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले की शेजारचे काका विचारत होते, पोरगी इतकी वर्षं मलेरियावर काम करते मग औषध सापडलं की नाही, आणि तुम्ही "सापडेल लवकरच" सांगून मोकळे झालात. तर आधी ते क्लिअर करते, मी औषध शोधतच नाहीये. औषधं आहेत की, आर्टेमिसिनिनसाठी चीनच्या तू यूयू बाईंना 2015 ला नोबेल पण मिळालं. मी बघते ते फक्त जंतू लाल पेशीत घुसतो तेवढं, मिनिटभराचा खेळ. हो, एका मिनिटावर अख्खं करिअर, हसा आता.

बाबा, तुमची सगळी नोकरी गडचिरोलीत मलेरियासाठी रक्ताच्या स्लाइडी काढण्यात गेली, अनामिकेला टोचायचं, एकाच काचेवर जाड थर पातळ थर, मग लॅबमधून पीएफ की पीव्ही, म्हणजे फाल्सिपेरम की व्हायव्हॅक्स, मलेरियाचा कुठला जंतू ते कळायचं. त्या स्लाइडवर दिसायचा तो आत जाऊन बसलेला पॅरासाइट, तोही मेलेला, रंग दिलेला. मी त्याच्या आधीचं बघते, जिवंत. पीएफवाली पेशी फुटली की साधारण 16 ते 32 बारके जंतू बाहेर पडतात, त्यांना मेरोझोइट म्हणतात, लाल पेशी 7-8 मायक्रॉनची तर हे जेमतेम दीड मायक्रॉनचे, आणि काही मिनिटांत नवीन पेशी मिळाली नाही तर यांची घुसायची ताकदच जाते. म्हणून पेशी कधी फुटते त्याची वाट बघत मायक्रोस्कोपला चिकटून बसायचं, फुटली रे फुटली की लेझरच्या चिमट्याने एक धरायचा आणि ताज्या पेशीजवळ नेऊन सोडायचा. चिमटा म्हणजे नुसता प्रकाश हां, धातूबितू काही नाही. तो शोधणाऱ्या आर्थर अ‍ॅश्किनना 2018 ला नोबेल मिळालं तेव्हा ते 96 वर्षांचे होते, तेव्हा आई, "आता वय झालं" हे मला सांगू नकोस.

चिकटला की लाल पेशी एकदम डचमळते, वाकतेबिकते, जंतू स्वतःला फिरवून टोक पेशीकडे करतो आणि सरळ आत. थोड्या वेळाने ती पेशी आकसून काटेरी होते, मग परत होती तशी. नुसता चिकटलेला ओढून काढायचा तर सुमारे 40 पिकोन्यूटन, म्हणजे अगदी नगण्य, जोर लागतो, हे इथे केंब्रिजलाच 2014 मध्ये मोजलं होतं. फिजिक्सवालीचं मलेरियात काय काम हे मामा अजून विचारतो ना, त्याला हेच सांगा, जोर आणि ताण मोजायला फिजिक्सवालीच लागते.

आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट तर केनियातल्या किलिफीची. तिथल्या काही लोकांत डांटू नावाचा रक्तगट असतो, त्यांना गंभीर मलेरिया खूप कमी होतो. 2020 ला कारण छापून आलं, त्यांच्या लाल पेशीचा पापुद्रा जास्त ताणलेला असतो. आपल्या बाजेची नवार नवी ताणली की माणूस त्यात रुतत नाही, सैल पडली की कसा खोल जातो, तसंच. पेशी ताठ असली की जंतू येतो, धडपडतो, पण आत जाऊ शकत नाही. आपल्याकडे सिकलसेलचे एएस पॅटर्नवाले, म्हणजे आजार नसलेले नुसते वाहक, मलेरियातून बरे निभावतात हे तुम्हाला माहीतच आहे, हा त्यातलाच पण वेगळा प्रकार. मी आता रक्ताचे वेगवेगळे नमुने घेऊन हा ताणच मोजत बसते.

काकांना पाहिजे तर पुण्याचं सांगा, आर21 लस ऑक्सफर्डने काढली आणि सीरम इन्स्टिट्यूट ती बनवते, 2023 ला डब्ल्यूएचओने शिफारस केली. त्यात माझा काडीचाही हात नाही, ती लस जंतूला रक्तात यायच्या आधीच अडवते, माझं दुकान रक्तात आल्यावर उघडतं.

आता मेन मुद्दा. कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षं वाढलंय, मी हो म्हटलंय. माहितीये, आई दिवाळीनंतर येते असं सगळ्यांना सांगून बसली आहे, पण पोस्टडॉकचं, म्हणजे पीएचडीनंतरच्या या कंत्राटी संशोधनाचं, असंच, दोन वर्षं दोन वर्षं करत चालतं. तिकडे सीएचबीवर तासाच्या हिशोबाने शिकवत राहिले असते तर काय वेगळं होतं, आणि परमनंटसाठी त्या संस्थेने जो आकडा सांगितला होता तो बाबांनी शेत विकूनही भरला नसता, आणि विकायचं म्हणाला होतात म्हणूनच मी पळाले. त्यामुळे हिला परदेशाची हौस, हे निदान घरात तरी बोलू नका. चुकतंय का माझं? मला नाही वाटत. तुमच्या दोघांच्या तब्येतीचं टेन्शन येतं ते खरंय, म्हणून उन्हाळ्यात सुट्टी टाकून येतेय, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन तेव्हाच धरा, तारीख डॉक्टरांना विचारून ठेवा. रविवारी फोन उचलला नाही तर घाबरू नका, जंतूंची रक्तात वाढायची 48 तासांची सायकल असते, त्यांना रविवार कळत नाही, कल्चरचं मीडियम, म्हणजे लॅबमध्ये ते ज्यात वाढवतो ते पाणी, बदलायला जावंच लागतं.

आणि बाबा, शुगरचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, फोटो जरा सरळ काढा, मागच्या वेळी नुसता अंगठाच आला होता.

तुमची,
मनू